दिनकर काजव्याचा सत्कार

एका जंगलात लाइट होती.

हसू नका. जंगलात लाइट नसते असं तुमच्या बाईंनी शिकवलं असेल, पण तुमच्या बाई त्या जंगलात कधी गेलेल्या नाहीत. तिथे पोल होते, वायरी होत्या, ओढ्याकाठी डीपी होती आणि टेकडीवर मोबाइलचा टॉवर होता. वाघाच्या गुहेसमोर तर एवढा मोठा हॅलोजन होता, की चंद्र उगवला काय आणि नाही उगवला काय, कोणाला पत्ता लागायचा नाही.

त्या जंगलात एक काजवा राहायचा. आईबापाने मोठ्या हौसेने त्याचं नाव ठेवलं होतं दिनकर.

आता बाळांनो, देवाने काजव्याला उजेड कशाला दिला? अभ्यासाला नाही. लग्नाला. काजव्यांच्यात पत्रिका नसते की कांदेपोहे नसतात. मुलगा फांदीवर बसून लुकलुकतो, मुलगी खाली गवतात बसून बघते. आवडला तर तीही एकदा लुकलुकते. मग मुलाने अख्खी एक सांज, दिवस बुडल्यापासून जंगल झोपेपर्यंत, खंड न पाडता लुकलुकायचं. जमलं तर लग्न ठरलं. मधे खंड पडला की मुलगी समजते, ह्याचं लक्ष दुसरीकडे आहे, आणि पाठ फिरवते.

दिनकर रोज सांजेला सादड्याच्या फांदीवर बसून लुकलुकायचा. समोर हॅलोजन. आपला उजेड दिनकरला स्वतःला तरी दिसत होता का, शंकाच आहे. एका मुलीच्या बापाने तर तोंडावर सांगितलं, आमच्या पोरीला निदान साठ वॅटचा तरी पाहिजे. हळूहळू बाकीचे काजवे धरणापलीकडच्या अंधाऱ्या रानात राहायला गेले. दिनकर एकटा उरला. त्याने लग्नाच्या साइटवर नाव घातलं, पण फोटो फ्लॅश मारून काढलेला. त्यात तो झुरळ दिसत होता.

मग वादळ आलं.

वादळांना नावं द्यायची पाळी त्या साली मेंढ्यांची होती, म्हणून वादळाचं नाव होतं 'बें'. असलं नाव ऐकून कोण घाबरणार? मोर तर वादळासोबत व्हिडिओ काढायला टेकडीवर जाऊन उभा राहिला. वादळाने त्याचा निम्मा पिसारा नेला, पोल आडवे केले आणि डीपीचा असा बार काढला की हत्तीसुद्धा दचकला. टॉवर पाया पडल्यासारखा वाकला तो वाकलाच.

लाइट गेली. नेट गेलं. फोनची बॅटरी संपली आणि जंगलाला पहिल्यांदा कळलं, आपल्याला दिवसभर काहीच काम नसतं.

माकडं शेंड्यावर चढून मेलेले फोन वर धरून बसली. रानडुकरं पारोशी राहिली, कारण मोटर बंद, टाकीत पाणी नाही. नदी शेजारून दुथडी भरून चालली होती, पण तिला नळ नव्हता ना. हरणाच्या घरी नवराबायको समोरासमोर बसून जेवले आणि दोघांनाही वाटलं, ह्यांना आधी कुठेतरी पाहिलंय. मोर उरलेल्या पिसाऱ्यावर नाचायचा आणि घरोघरी जाऊन विचारायचा, आवडलं का, आवडलं असेल तर तसं तोंडाने सांगा.

सुतार पक्षी त्या जंगलाचा वायरमन. लाइट कधी येणार म्हणून त्याला विचारलं की तो म्हणायचा, उद्या. उद्या विचारलं तरी उद्याच.

सगळं जंगल रडत होतं. एकटा दिनकर सोडून.

कारण पहिल्याच सांजेला तो सवयीने फांदीवर बसला, लुकलुकला, आणि काय आश्चर्य, पान दिसलं. त्याच्या उजेडात. आयुष्यात पहिल्यांदा. तो स्वतःवरच खूश होऊन आणखी एकदा लुकलुकला.

तेवढ्यात खालच्या गवतात कोणीतरी लुकलुकलं.

दिनकर फांदीवरून पडता पडता वाचला. खाली एक काजवी होती. रोहिणी तिचं नाव. धरणापलीकडची, वादळात उडून इकडे येऊन पडली होती. एक पंख दुखत होता, घर लांब होतं, आणि वर एक मुलगा लुकलुकत होता. तिने विचार केला, बघायला काय जातंय.

दिनकर जोर लावून लुकलुकायला लागला. अख्खी सांज काढायची होती. अशी काळोखी सांज पुन्हा मिळेल न मिळेल. सुतार पक्ष्याचं 'उद्या' एखाद दिवशी खरं झालं की हॅलोजन पेटणार आणि दिनकर परत झुरळ होणार.

आणि नेमकी हाक आली. "दिनू, ए दिनू. जरा स्वयंपाकघरात येतोस का रे बाळा?"

ह्या मथुराकाकू अस्वलीण. मधात मुंग्या आहेत का ते त्यांना अंधारात दिसेना. दोन मिनिटांचं काम आहे म्हणाल्या.

आता दिनकरने नाही म्हणायला पाहिजे होतं, हे तुम्हाला कळतंय, मला कळतंय. पण त्याला त्या जंगलात कोणी कधी हाक मारलीच नव्हती. तो आहे हे कोणाच्या लक्षातच नसायचं. 'दिनू' ऐकलं आणि तो लोण्यासारखा विरघळला. गेला. मधाच्या मागे मीठ शोधायचं निघालं, मिठाच्या मागे चष्मा. मग काकूंना झोप येईना, म्हणून गप्पा मारायला उजेड लागला. परत आला तेव्हा गवत काळंठिक्कर होतं.

दुसऱ्या दिवशी रोहिणी लुकलुकली, पण उशिरा, आणि अगदी मोजकंच. म्हणजे बायका रागावल्यावर 'जेवलात का' विचारतात ना, तसं. दिनकरने मनाशी ठरवलं, आज हलायचं नाही. तर माकडांचा पत्त्यांचा डाव अडलेला. जोकर कोणता आणि राजा कोणता तेच दिसेना. चार जणांनी मिळून त्याला फांदीसकट उचलून नेलं. राजा दिसल्यावर त्यांची मारामारी झाली, ती उजेडात झाली, एवढंच समाधान.

असं रोज चाललं. ज्याला त्याला दिनू पाहिजे. आणि जाताना सगळे आशीर्वाद द्यायचे. तुला चांगली बायको मिळो, म्हणायचे. ती मिळवायची वेळ तेवढी घेऊन टाकायचे.

एका सकाळी सुतार पक्षी म्हणाला, "आज."

जंगलात कोणाचा विश्वास बसला नाही. दिनकरचा बसला. त्याने जाऊन बघितलं तर पोल उभे, वायरी ओढलेल्या, टॉवर सरळ केलेला, नवी डीपी बसलेली. फक्त शेवटचा सांधा राहिला होता, तो जंगल झोपायच्या सुमाराला जोडू, असं सुतार पक्षी म्हणाला. म्हणजे दिनकरच्या हातात एकच सांज उरली.

तो परत येतो तर दारात कोल्हेसर. कोल्हेसर म्हणजे जंगलाच्या सत्कार समितीचे अध्यक्ष. सापाने कात टाकली तरी ते सत्कार ठेवायचे. म्हणाले, जंगलाने ठरवलंय, आज संध्याकाळी तुमचा जाहीर सत्कार. दिनकर म्हणाला, आज नको सर, मला जरा काम आहे. सर म्हणाले, हाच तुमचा मोठेपणा, आणि निघून गेले.

कार्यक्रम उन्हं असताना होता. पण प्रमुख पाहुणे वाघ, आणि प्रमुख पाहुणे वेळेवर आले तर त्यांना प्रमुख कोण म्हणेल? ते आले तेव्हा दिवस बुडायला टेकला होता आणि दाट झाडीखाली आधीच अंधारलं होतं. स्टेजवर दिनकरला मधोमध बसवलं. उजेड दुसरा नव्हताच. स्वतःच्या सत्काराला लाइटही त्यानेच द्यायची होती. कोल्हेसर बंद पडलेल्या माइकसमोर उभे राहून त्याला टिचकी मारून म्हणाले, हॅलो हॅलो.

मग शाल आली. हत्तीच्या मापाची, कारण मागच्या सत्काराची उरलेली. वाघाने ती दिनकरच्या अंगावर घातली आणि सभेत काळोख पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिनकर आत गुदमरला. मग त्याच्या लक्षात आलं, आता आपल्याला कोणीच बघत नाहीये. उजेड बंद ठेवूनच तो शालीच्या काठाखालून सरपटला आणि उडाला तो थेट सादड्यावर. दिवस बुडतच होता. वेळेवर पोचला. लुकलुकला.

खालून लगेच उत्तर आलं. रोहिणी वाटच बघत होती बहुतेक, पण तसं दाखवत नव्हती.

इकडे कोल्हेसर रिकाम्या शालीकडे बघत बराच वेळ बोलले. शेवटी कोणाला तरी लांब सादड्यावर उजेड दिसला. मग काय, खुर्ची, माइक, नारळ, सगळं उचलून अख्खी सभा झाडाखाली आली. भाषण पुढे सुरू. शाल मोकळीच होती, ती सरांनी वाघाला घातली. वर बोट दाखवून म्हणाले, बघा, निघून गेला तरी समाजासाठी जळतोय, ह्याला म्हणतात निरपेक्ष सेवा. सभा गहिवरली.

दिनकरचं कोणाकडे लक्ष नव्हतं. तो खाली बघत होता, खाली रोहिणी वर बघत होती. सांज निम्मी सरली. आता थोडंच राहिलं होतं.

तेवढ्यात मथुराकाकूंना गवतात काहीतरी चमकताना दिसलं.

"अगं बाई, इथे अजून एक आहे की," म्हणून त्यांनी रोहिणीला उचललं आणि मधाच्या रिकाम्या बरणीत टाकलं. शेजारणीला म्हणाल्या, तो वरचा राहू दे सभेला, ही माझ्या ओट्यावर शोभेल. झाकण लावून निघाल्यासुद्धा.

दिनकरची पंचाईत झाली. लुकलुकत राहावं तर बायको ओट्यावर चालली. थांबावं तर खंड पडतो.

"काकू," तो म्हणाला, "तिला खाली ठेवा."

काकूंनी वर बघितलं. हा असंही बोलतो हे त्यांना माहीतच नव्हतं. "अरे, दोन मिनिटांचं काम आहे."

दिनकर बंद झाला.

बरणीतून रोहिणीने ते बघितलं. क्षणभर विचार केला आणि तीही बंद झाली.

असा अंधार पडला बाळांनो, की स्वतःचं नाक सापडेना. कोणीतरी कोणाच्यातरी शेपटीवर पाय दिला. काकू बरणी घेऊन होत्या तिथेच खाली बसल्या. कोल्हेसर म्हणाले, दिनकरराव, जरा लागता का. माकडं म्हणाली, दिनूदादा, तू आमचा भाऊ आहेस. अंधार तसाच. मग एकदम, "आई गं," असा बारीक आवाज आला आणि काहीतरी जड, पट्ट्यापट्ट्याचं, शालीसकट काकूंच्या मांडीवर येऊन बसलं. हॅलोजन एवढा मोठा का होता, ते तेव्हा सगळ्यांना कळलं, पण कोणी बोललं नाही.

"मथुरे," मांडीवरचा आवाज म्हणाला, "ठेव तिला खाली. राजाज्ञा आहे. लवकर ठेव."

झाकण उघडलं. रोहिणी गवतात उतरली. दिनकर अंधारातच चाचपडत तिच्याजवळ गेला.

"खंड पडला," रोहिणी म्हणाली.

"तुझ्यासाठीच पाडला."

"मग चालेल. पण एवढे दिवस वर बसून लुकलुकत होतास, खाली यायला कोणी निमंत्रण द्यायला पाहिजे होतं का?"

दोघं एकदम लागले. लग्न झालं. सगळं जंगल समोर होतं, त्यामुळे साक्षीदारांचा तुटवडा नव्हता. कोल्हेसरांनी लगेच घसा खाकरला आणि नवदांपत्यावर दोन शब्द बोलायला घेतले.

दुसरा शब्द झाला नाही तोच लाइट आली.

हॅलोजन भक्कन पेटला. वाघ काकूंच्या मांडीवरून उडी मारून गुरगुरायला लागला. सगळे चार्जरकडे पळाले. नारळ तिथेच पडला, बरणी तिथेच पडली, माइकमधून आता खरोखर हॅलो हॅलो यायला लागलं, पण बोलायला कोणी नव्हतं.

दिनकर आणि रोहिणी गवतात बसले होते. हॅलोजनच्या झोतात दोघांचाही उजेड दिसत नव्हता.

"तू लागलायस का?" रोहिणीने विचारलं.

"लागलोय की."

"दिसत नाहीये. सरक इकडे."

तो सरकला.

सकाळी जंगलाच्या ग्रुपवर सत्काराचा फोटो आला. फोन चार्ज झाल्यावर मुद्दाम काढलेला, शाल पांघरलेला वाघ. खाली लिहिलं होतं, संकटकाळात जंगलाला प्रकाश देणारे आपले राजे. चारशे जणांनी हात जोडले. मथुराकाकूंनी फुलंपण टाकली.

तात्पर्य : चांगलं वागणाऱ्याचं नाव जंगल विसरतं, पण तो बंद पडला की लगेच राजाज्ञा निघते. म्हणून बाळांनो, चांगलं वागा, सगळ्यांच्या उपयोगी पडा, आणि अधूनमधून न सांगता बंद पडत जा.