बिनमाशांची टाकी

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत माशांची टाकी पहिल्यांदा आली ती आमच्या घरी, आणि ती आणणारा मी, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे काय झालं ते ऐकून कुणी भलताच समज करून घेईल, म्हणून.

प्लेगनंतरचं ते दुसरं-तिसरं वर्ष. सुरत नुकतीच धुऊन-पुसून लख्ख झाली होती आणि माणसांना घर सजवायची हौस सुटली होती. कुणी भिंतीला धबधब्याचं पोस्टर लावलं, कुणी शोकेस केलं. मी म्हटलं, आपण सगळ्यांच्या वर जायचं. जिवंत मासे!

मासे फुकट मिळणार होते. पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये माझ्याबरोबर कामाला असलेला ललित नोकरी सोडून कायमचा अमळनेरला चालला होता, वडिलांची पिठाची गिरणी सांभाळायला. त्याच्याकडे चार गोल्डफिश. एकटा जीव, सगळी माया त्या माशांवर. आम्ही रंगात हात घालणारी माणसं, त्यामुळे माशांची नावंसुद्धा रंगांवरून ठेवलेली: केसरी, राणी, मेहंदी आणि बदामी. गावाकडे नेले तर वाटेतच जातील, आणि भलत्याच्या हाती द्यायला त्याचं मन धजत नव्हतं. मी छाती ठोकून म्हणालो, "मी सांभाळतो."

ललितने मला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाला, टाकी आजच भर, पण मासे महिन्याने मिळतील. कोऱ्या पाण्यात मासा जगत नाही. मासा घाण करतो, त्या घाणीचं विष होतं. ते विष खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव आधी पाण्यात वाढावे लागतात. हवेचा पंप चालू ठेवायचा, माशांच्या खाण्याची चिमूट टाकत राहायची आणि वाट बघायची. "नाहीतर माझ्या फिल्टरचा स्पंज आत्ताच पिळून देतो," तो म्हणाला. "लवकर होईल. विरजण लावल्यासारखं."

तो स्पंज मी पाहिला होता. गटारात पडलेल्या मोज्यासारखा दिसायचा. माझ्या नव्याकोऱ्या टाकीत ती घाण? मी म्हटलं, राहू दे, माझं पाणी मी स्वतः तयार करीन.

टाकी आली ती टीव्हीच्या जागेवर बसली. टीव्ही गेला कपाटावर. त्यामुळे माझी बायको छाया महिनाभर मान वर करून मालिका बघत होती. पण बोलली काही नाही. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

बोलले ते बाकीचे. जो येई तो टाकीत डोकावून विचारी, मासे कुठायत? घरमालक तर जिना उतरता उतरता रोज हाक मारायचा, "अल्या हिलाल, माछली क्यां छे?" मी प्रत्येकाला बसवून न दिसणाऱ्या जिवांची माहिती द्यायचो. लोक मान डोलवायचे आणि बाहेर पडल्यावर हसायचे.

एकटी माझी आई हसली नाही. कलाबाई, मूळची ललितच्याच जिल्ह्यातली, म्हणजे आमच्या मजल्याचं हायकोर्ट. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, हे जीव वाढवायचे म्हणजे नक्की काय करायचं? तिला पटेल असं सांगावं म्हणून मी ललितचंच वाक्य पुढे केलं. म्हटलं, दूध विरजतं ना, तसं पाणी विरजायचं. न दिसणारे जीव त्यातही असतात आणि यातही.

"आसं सांग ना मंग," आई म्हणाली, आणि कधी नव्हे ते माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मीही स्वतःवर खूश झालो. शिकवावं तर असं!

आठवडाभरात पाणी दुधाळ झालं. मी अख्खी बिल्डिंग बोलावली! ललितने सांगूनच ठेवलं होतं की मध्येच पाणी पांढुरकं होतं, घाबरू नकोस, ते जीव वाढल्याचं लक्षण. मी काचेवर बोट ठेवून म्हणालो, बघा, हे सगळे जीव आहेत, कोट्यवधी! खालच्या मजल्यावरची धुरपदाबाई, जालन्याकडची, पदर तोंडाला लावून बघतच राहिली. शेजारच्या भागीरथीवहिनी, बुलढाण्याच्या, त्यांनी तर आईचा हातच दाबला. मला वाटलं, माझ्या ज्ञानाने भारावल्या बायका.

ललित म्हणाला, चार दिवसांत निवळेल. निवळलं नाही. उलट दाट होत गेलं. मी कामावर सांगितलं की माझ्याकडे पीक फारच जोमदार आलंय. मग छाया म्हणाली की घरात कढीचा वास येतोय. मी म्हटलं, कढी केली असेल कुणीतरी. ती म्हणाली, रोज?

असं करत तो रविवार उजाडला. संध्याकाळच्या गाडीने ललित जाणार होता. खोली रिकामी करून, किल्ली मालकाला देऊन तो सकाळी आमच्याकडे आला. एका हातात झाकणाचा पारदर्शक डबा, त्यात चारही मासे. दुसऱ्या हातात पिशवी. टाकीसमोर उभा राहिला. पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, आणि फार हळू आवाजात म्हणाला, "हिलाल, हे ताक आहे."

मी हसलो. तो हसला नाही. डब्यात मासे झाकणापाशी तोंडं उघडमीट करत होते.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि आशेने विचारलं, "जमनं का पानी?"

मग सगळं बाहेर आलं. मी कामावर गेलो की आई चमचाभर दही टाकीत सोडायची. तिचं विरजण आजवर कधी वाया गेलं नव्हतं, आणि इथे पाणी काही लागेना. तिने मनाला लावून घेतलं. तिला वाटलं, आपल्या विरजणाला जोर नसेल. म्हणून धुरपदाबाईकडून मागून आणलं. धुरपदाबाईचं दही वडीसारखं कापता येतं. तेही हरलं. मग भागीरथीवहिनी पुढे सरसावल्या. तीन जिल्ह्यांचं दही माझ्या टाकीत कामाला लागलं होतं आणि मी त्यावर व्याख्यानं देत होतो!

"तूच सांगं व्हतं ना," आई म्हणाली, "दूधसारखं पानी इरजाडनं पडस. मंग मी इरजन टाकं."

ललित जमिनीवर बसला. डबा त्याने मांडीवर घेतला होता. म्हणाला, डब्यात हे फार वेळ राहायचे नाहीत. टाकी धुतली तरी भरायची कशाने? नळ सकाळीच जाऊन बसला होता, आणि असता तरी नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं, मासे मरतात. एखादी रात्र उघडं ठेवलेलं शिळं पाणी पाहिजे. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने त्या डब्यात वाकून पाहिलं. एकदाच. मग जिन्यात जाऊन हाक दिली.

पुढचं मी उभ्या उभ्या पाहिलं. मला कुणी कामच सांगितलं नाही. छायाने टाकीतलं ताक बादल्यांनी उपसलं. धुरपदाबाईने टाकीच्या तळाचे खडे घरून आणलेल्या पाण्यात तांदळासारखे सात वेळा धुतले, काचा घासल्या. राखेने घासू नका, साबण लावू नका, असं ललित सांगत होता आणि बायका ऐकत होत्या. आणि मग पाणी आलं. कालचं, पिंपात भरून ठेवलेलं शिळं पाणी, घराघरातून. ज्यांच्याकडे नळ तासभरच येतो त्यांनाच कळेल की रविवारच्या दिवशी पिंप रिकामं करून देणं म्हणजे काय. कुणाचे कपडे भिजवलेले, कुणाची आंघोळ राहिलेली. भागीरथीवहिनींनी तर पिंप तिरकं करून तळाचं पाणीही दिलं. एकाही बाईने हिशेब मांडला नाही की कुणामुळे हे झालं. अशी माणसं मी आयुष्यात दुसरीकडे पाहिली नाहीत, आणि हे मी अगदी मनापासून सांगतो.

टाकी भरली. ललितने पिशवीतून तोच काळा स्पंज काढला आणि पंपाला जोडला. माझ्यावर त्याचा विश्वास नव्हता हे उघडच झालं.

आईने तो स्पंज निरखून पाहिला. "हाई से का इरजन? मंग मनं काय चुकनं? जिन्नस दुसरी व्हती, इतलंच."

ललित पहिल्यांदाच हसला. म्हणाला, मावशी, खरंच काही चुकलं नाही तुमचं.

मासे सोडले. केसरी गेली, राणी गेली, मेहंदी काचेला धडकून मागे फिरली. बदामी जरा वेळ तळाशी बसून राहिली आणि सगळ्या बायकांनी श्वास रोखला. मग तीही वर आली. दुपार झाली तरी चारही जण मजेत होते.

निघताना ललितने माशांच्या खाण्याची डबी काढली. मी हात पुढे केला. माझ्या हाताला वळसा घालून ती आईकडे गेली.

"मावशी, रोज दोन बोटस्मा यी इतलंच टाकजो," चिमूट करून दाखवत तो म्हणाला.

"तू बिनघोर जाय, भाऊ," आई म्हणाली. "उपाशी ठेवाव नही, अन जास्त बी टाकाव नही."

दारापर्यंत मी त्याच्यामागे गेलो. विचारलं, आणि मी काय करायचं? त्याने चपला घालता घालता खरोखर विचार केला.

"तू लोकांना टाकी दाखव," तो म्हणाला. "ते तुला चांगलं जमतं."

तेव्हापासून तेवढंच खातं माझ्याकडे आहे. तुम्हीही कधी या बघायला. मी सगळं समजावून सांगीन. फक्त येण्याआधी आईला विचारून ठेवतो.