मेश्राम सरांचं लाल कार्ड

तुमच्या ऑफिसात "मला जमत नाहीये" असं शेवटचं कोण म्हणालं होतं, आठवतं का?

आमच्या गुडगावच्या ऑफिसात मेश्राम सर हे रोज सकाळी दहाला म्हणतात. त्या वेळी सगळी टीम भिंतीवरच्या स्क्रीनसमोर उभी राहते आणि काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं ते सांगते. सर मूळचे भंडाऱ्याचे, टीममधले सगळ्यात जुने सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतात, पण सुरुवात स्वतःपासून करतात. काल अकरा ते साडेबारा नुसता बसून होतो, काही सुचलं नाही. तिसऱ्या समोशानंतर वेग मंदावला. हेसुद्धा सांगतात.

"मेश्रामजी, कभी तो अच्छी खबर सुनाओ," टीममधला चोप्रा टोमणा मारतो.

"बिल्कुल, यार. आएगी तो सुनाऊँगा," म्हणत सर आपल्या कामाचं कार्ड स्क्रीनवर लाल करतात. लाल म्हणजे अडलं, हिरवं म्हणजे सुरळीत.

मग वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी हाच कार्डांचा बोर्ड आपल्या केबिनमधल्या स्क्रीनवरही लावून घेतला. नाव दिलं पारदर्शकता. खालचा माणूस वर दिसतो, वरचा खाली दिसत नाही. याला मी पाळत म्हणतो. दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं हिरवीगार. एकटे सर लाल. वरून दोनदा बोलावणं आलं, तरी लाल.

मीही हिरवाच होतो. माझं प्रोबेशन त्या आठवड्यात संपत होतं आणि एक काम काही केल्या सुटत नव्हतं. तीन सकाळी मी "झालंच" म्हणालो. दिल्लीत मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत मित्रांना सत्यावर भाषणं ठोकणारा मी!

चौथ्या दिवशी सर म्हणाले, "माझं अडलंय." माझ्या तोंडून निघून गेलं, "माझंही."

कोणी हसलं नाही. सर माझ्याजवळ येऊन बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाठ सुटली, नोकरीही वाचली.

आता तुमचं बघू, म्हणत मी त्यांचं काम उघडलं. ते तर सोमवारीच पूर्ण झालेलं! पारदर्शकतेचा एवढा मोठा भक्त, आणि चार दिवस धडधडीत खोटं?

सर कानकोंडे झाले.

"पहिल्या नोकरीत मी पाच महिने अडलो होतो रे. बाकी सगळ्यांचं हिरवं. वाटायचं, मूर्ख एकटा मीच."

उद्या सकाळी तुमची पाळी आली की आपलं एक अडलेलं काम सगळ्यांसमोर सांगून टाका. शेजारी उभं असलेलं कोणीतरी कधीचं त्याचीच वाट बघत असेल.