तिन्ही ठिकाणी आत्या

"सूनबाई, एक गेलं तरी दुसरं हाताशी पाहिजे," कारखाना सोपवताना सासरे म्हणाले होते. दुसरं काय, मी तिसरंही ठेवलं!

आमचा कवळ्यांचा कारखाना. डॉक्टर पेशंटचं तोंड आतून मशीनने टिपून पाठवतात, ते चित्र बघून आम्ही दात घडवतो. चित्र आमच्याकडे पोचलं की डॉक्टर आमच्या भरवशावर स्वतःकडचं पुसून टाकतात. काम वाढलं तशी गावभरची तोंडं आमच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरमध्ये मावेनात. विक्रेत्याने मोठ्या साठवणीचा आकडा सांगितला, तेव्हा आमच्या ह्यांचंच तोंड पेशंटसारखं उघडं राहिलं.

मग मी व्यवस्था शोधली ती ओपन सोर्स, म्हणजे जगभरच्या सज्जनांनी मिळून लिहिलेली आणि फुकट वापरायला दिलेली. तीन जुने कॉम्प्युटर स्वस्तातल्या मोठ्या डिस्क घालून जोडायचे, प्रत्येक जबड्याची प्रत तिन्हीकडे आपोआप जाते. एक बंद पडला तरी उरलेले दोघे काम रेटतात आणि तो जागा झाला की काय राहून गेलं ते त्यांना विचारून पुरं करतो. अशी सून शोधून सापडायची नाही, असं मी सगळ्यांना नम्रपणे सांगत असे.

एकीकडे पुसलं की तिन्हीकडे पुसलं जातं, हे भाऊजींना सांगायचं तेवढं राहिलं.

सकाळचा पाठ पुरा होईपर्यंत मौन, हा माझा रोजचा नेम. बोलायचं नाही, लिहायचंही नाही. त्या दिवशी मनात पाठ, हातात केरसुणी, आणि भाऊजी कॉम्प्युटरपाशी. त्यांना नव्या कामासाठी जागा करायची होती. पडद्यावर आमच्या ह्यांच्या आत्यांचा जबडा! शनिवारी नातीच्या लग्नात आत्यांना सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं होतं आणि त्याआधी दात मिळतील असं मी कबूल करून बसले होते.

मी धावले. तीन बोटं दाखवली आणि हात जोरजोरात हलवला. तिन्हीकडून जाईल!

"हो वहिनी, तीन आहेत ना, माहीत आहे मला," भाऊजी म्हणाले. "म्हणून तर एक पुसतोय."

त्यांच्या कॉम्प्युटरचा प्लग त्यांच्या रुंद पाठीमागे. मी दाराजवळच्या कॉम्प्युटरचा उपटला. त्यांनी बटण दाबलं. उरलेल्या दोघांनी जराही न अडखळता काम रेटलं. पण माझ्याजवळच्या बंद कॉम्प्युटरमध्ये आत्या सुखरूप होत्या! प्लग मुठीत घट्ट धरून मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि पाठाचा वेग असा वाढवला की देवालाही धाप लागली असेल.

तेवढ्यात हे आले. बायको घामाघूम, मुठीत वायर, तोंडातून शब्द नाही. शॉक बसला असं समजून ह्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं, मुठीतून प्लग हलकेच सोडवला. मी मान हलवतेय, तर हे कपाळावरून हात फिरवतायत! मग कोरड्या फडक्याने धरून, अगदी सांभाळून, त्यांनी प्लग जागेवर बसवला.

"नका लावू," मी म्हणाले. पाठ नेमका तेव्हा संपला.

कॉम्प्युटर जागा झाला. त्याने दोघा भावांना विचारलं आणि आज्ञाधारकपणे आत्यांना पुसून टाकलं.

फोन करायची वेळ आली तेव्हा आमच्या घरातले दोघे भाऊ छताकडे बघू लागले. खोटं न बोलण्याचाही माझा नेम, त्यामुळे जे घडलं ते मीच सांगितलं. पलीकडे आधी नुसत्या हिरड्यांचा आवाज. मग आत्यांनी जाहीर केलं, की तोंड नव्याने टिपून घ्यायला त्या दवाखान्यात आपण पुन्हा पाऊल ठेवणार नाही. ज्याने पुसलं त्यालाच मशीन घेऊन घरी पाठव.

भाऊजी फोनपाशी वाकले. "आत्या, मी येतो. शनिवारच्या आत दात तुमच्या तोंडात. शब्द देतो."

"ये," आत्या म्हणाल्या. "आणि हे बघ, माझ्या फोनमध्ये जागा उरली नाही म्हणे. आलास की तेही जरा पुसून दे."

भाऊजी डॉक्टरांकडून मशीन मागून घ्यायला निघाले. मी त्यांच्या पिशवीत एक रिकामी हार्ड डिस्क टाकली.