गरुडाचा भोंगा

बन्सीधरच्या जोंधळ्याला ऐन दुधात राघू लागले, आणि रविवारी हुरडा खायला चारठाण्याचे किशनराव यायचे होते. हुरडा हे निमित्त. बन्सीधरच्या लेकीला, राजेश्रीला, सून करायची का, ते त्यांना ठरवायचं होतं. कणसंच उरली नाहीत तर पाहुण्यांपुढं काय, माती ठेवायची?

आजवर पाखरं राखायच्या धुरपताबाई आणि राजेश्री. मायलेकींनी मचाणावरून 'हाऽऽ होऽऽ' केलं की बोरी गावच्या वेशीपर्यंत ऐकू जायचं. बन्सीधरला त्याचीच धास्ती.

"पोरीचा आवाज ऐकून पाव्हणा बांधावरूनच माघारी जाईल," त्यानं बायकोला बजावलं. "दोघीबी गप बसा. म्या गरुड आणलाय."

गरुड म्हणजे घडीघडीला आपोआप वाजणारा भोंगा. टीव्हीवरच्या देवादिकांच्या मालिकेत देव प्रकटायच्या आधी आभाळ चिरत जाते, ती गरुडाची किंकाळी त्यानं त्यात भरली होती. पहिल्याच किंकाळीला राघूंची हिरवी ओढणी सर्रकन उडाली. बन्सीधर नाचायचाच बाकी राहिला.

पण त्याच किंकाळीला धुरपताबाईनं गोफण खाली टाकून हात जोडले. ती वाजली की देव येतो, हे रोजचं पाहणं. शेजारच्या गव्हात खुरपणाऱ्या बायांनीही पदर सावरून डोळे मिटले. राघूंनी काही मालिका पाहिली नव्हती. नुसता आवाजच येतो, गरुड येत नाही, हे ओळखून ते निवांत कणसांवर परतले.

रविवारी सकाळी तर खराखुरा ससाणा भोंग्यावर येऊन बसला आणि पिलागत बारीक 'की-की' ओरडला. राघू चिडीचूप पसार झाले. बन्सीधरनं मात्र ढेकूळ उचललं.

"हूश! अस्सल गरुड वरडायलाय, त्यात तुजी कुटं चिवचिव?"

ससाणा गेला. राघू आले. मागोमाग किशनरावही आले. भोंगा किंचाळताच त्यांनी टोपी सारखी करून हात जोडले. सगळे डोळे मिटून उभे, आणि डोक्यावर राघूंची पंगत.

हुरडा भाजायच्या आगटीपाशी बसलेल्या राजेश्रीला ते बघवेना. पेरणीपासून राखलेलं रान होतं तिचं. ती सरसर मचाणावर चढली.

"हाऽऽ होऽऽ! खाऊन खाऊन फुटताल की रं!"

राघू ओढ्यापल्याड गेले. किशनरावांचे डोळे खाडकन उघडले.

"एरवी लय गरीब हाय पोरगी," बन्सीधर पुटपुटला.

"आमच्या शिवारात राघूंचं माहेरच हाय," किशनराव वर बघत म्हणाले. "भोंगा तुमाला राहू द्या, व्याही. पोरगी आमाला द्या."

"आदी तुमच्या लेकाला इचारा," मचाणावरून राजेश्री म्हणाली. "घरातबी हाच आवाज हाय माजा."

तेवढ्यात भोंगा पुन्हा किंचाळला. किशनरावांनी सवयीनं हात जोडले. या वेळी मात्र मचाणाकडं तोंड करून.