नोंद नसलेले अण्णा

आमच्या ऑफिसातले विठोजीराव अण्णा ई-मेलला चालत जाऊन उत्तर देत. मेल वाचायचा, चष्मा खिशात घालायचा, उठायचं आणि पाठवणाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन उभं राहायचं. "पत्र पोचलं. आता बोला." समोरचा कानातले हेडफोन काढेपर्यंत अण्णांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढून घेतलेली असे.

मेल रागाचा असला तर जास्तच पंचाईत. तो छापून नेत आणि ज्यानं लिहिला त्यालाच बातम्या वाचाव्यात तशा थंड आवाजात वाचून दाखवत. मंजुनाथ हा आमचा सगळ्यांत तापट प्रोग्रामर. त्यानं एकदा टेस्टिंगवाल्यांना लिहिलं, 'तुम्हा लोकांना डोळे आहेत का?' अण्णांनी तेवढं वाक्य वाचलं आणि थांबले.

"असंच म्हणायचंय ना? की स्वल्प बदलू?"

"द्या हो अण्णा, तो कागद इकडे द्या," मंजुनाथ म्हणाला. अर्ध्या तासानं दोघं इडली खाताना दिसले.

अण्णा टेस्टिंगचे प्रमुख. त्यांच्या घराण्याला बेंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या, की मूळ गाव विचारलं तर म्हणत, "हेच की." मराठीत निम्मं कन्नड. मी पुण्याची. इथं पंधरा वर्षं काढूनही त्यांचं बोलणं मला कान देऊन ऐकावं लागे. मी वयानं लहान आणि हुद्द्यानं वरची, म्हणून त्यांनी मधला मार्ग काढून मला 'अक्का' करून टाकलं होतं.

आता टेस्टिंगवाल्याचं काम सरळ आहे. प्रोग्राममधली चूक शोधायची आणि सिस्टीममध्ये नोंदवायची. नोंद झाली की चुकीला नंबर पडतो आणि ती प्रोग्रामरच्या साहेबालाही दिसते. अण्णांची पद्धत वेगळी. आधी जाऊन सांगायचं, मग लिहायचं. सांगितल्यावर समोरचा तिथंच दुरुस्त करून टाकी, आणि लिहायला काही उरत नसे.

"नोंदवली की चूक त्याची होते, अक्का," ते म्हणत. "सांगितली की दोघांची."

मग वरून हुकूम आला, की ऑफिसातला संवाद सुधारायचा. काम माझ्याकडे आलं. मला कामं नीटनेटकी आवडतात. मी चाळीस स्लाइड केल्या आणि नियम सांगितला: जे लिहिलं नाही, ते झालंच नाही. अण्णा पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घेत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली नोंद आली. 'प्रिय मंजुनाथ, बटण दोनदा दाबलं की पान पांढरं पडतं. घाईत झालं असेल. जेवून मग बघ.'

"अण्णा, जेवणाची चौकशी नको. फक्त चूक लिहा."

"सरी, बरं अक्का," म्हणाले, आणि पुन्हा चालायला लागले. फक्त आता कॉफीच्या मशीनपाशी, मी दिसले की विषय बदलून.

त्याच वर्षी त्यांची साठ वर्षं पूर्ण होऊन ते निवृत्त होणार होते. पुढं ठेवायचं की नाही, ते माझ्या शिफारशीवर होतं. त्यांनी आडवळण न घेता विचारलं होतं. "आणखी दोन वर्षं द्या, अक्का. घरी बसून भिंतीशी बोलू काय?" मी हसले होते. मला तो विनोद वाटला.

वर्षाअखेरीला तक्ता आला. नोंदींच्या रकान्यात अण्णांचा आकडा सगळ्यांत लहान. तो लहान का आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी 'नाही' लिहिलं. माझा नियम मीच मोडला तर उद्या कोण पाळणार, असं त्या वेळी वाटलं. आणि अण्णांना मी ते मेलनं कळवलं. त्यांचं टेबल माझ्यापासून तीस पावलांवर होतं.

पाच मिनिटांत आले. हातात कागद नव्हता. खुर्चीही ओढली नाही.

"नोंदी कमी पडल्या, अण्णा."

"कमीच आहेत."

त्या सरळपणाचा मला राग आला. "किती वेळा सांगितलं होतं लिहा म्हणून! एवढं काय जड होतं त्यात?"

त्यांनी माझ्या कीबोर्डकडे बोट दाखवलं.

"मुलगा जर्मनीत आहे माझा. त्याची आई गेल्यावर घर विकायचं की ठेवायचं, ते आम्ही दोघांनी फोनवर लिहून लिहून ठरवलं. तो एक लिहायचा, मी एक लिहायचो. तोंडानं बोललो असतो तर त्यातलं एकही वाक्य आमच्या तोंडून निघालं नसतं. आता दिवाळीला पणतीचं चित्र पाठवतो. मी हात जोडल्याचं पाठवतो." मग म्हणाले, "इथं मारतहळ्ळीला असता तर जाऊन उभा राहिलो असतो दारात."

मी म्हटलं, "बघते काय करता येतं ते."

"बघा. नाही झालं तरी बेजार नाही, अक्का." आणि मंजुनाथच्या टेबलाकडे गेले.

मी खरंच बघितलं. त्याच संध्याकाळी मोठ्या साहेबांना मेल लिहिला. अण्णांनी बोलून सोडवलेल्या, कुठंही नोंद नसलेल्या चुकांची यादी मंजुनाथकडून करून घेतली आणि जोडली. मुद्देसूद, कुणालाही पटेल असा मेल होता. चार दिवस मी दर तासाला उत्तर आलं का ते उघडून बघत होते. पाचव्या दिवशी आलं. एकच ओळ. निवृत्त होणाऱ्यांची यादी पुढं गेली, आता उशीर झाला.

साहेब आमच्याच इमारतीत, एक मजला वर बसतात. ते चारही दिवस ते जागेवर होते.