गादीपर्यंतचं गाऱ्हाणं

आमचे शेजारी तातूकाका मिक्सर लावण्यापूर्वी देवाला गाऱ्हाणं घालतात. "बा देवा महाराजा, आज वाटप वाटूक घेतलंय. शॉक लागूक देऊ नको, झाकण उडूक देऊ नको रे महाराजा." एवढं म्हणून ते थांबतात. गाऱ्हाण्याला समोरून कोणीतरी "व्हय महाराजा" म्हणावं लागतं, नाहीतर ते देवाकडे जातच नाही. हे काम काकी करायच्या, चुलीवरची नजर न काढता. त्या गेल्यापासून कुंपणावरून हाक येते, "व्हय म्हण रे." मी दाढी करता करता म्हणतो.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, अशा देवबागेत जन्मून हा माणूस इतका भित्रा कसा निपजला, देव जाणे. मोसमाच्या सुरुवातीला होड्या पाण्यात लोटताना गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यात पंख्यात अडकणारी दोरी येते, इंजिनात शिरणारं पाणी येतं, सेल्फी काढताना तोल जाणारी पर्यटक बाईही येते. काकांचं आटपेपर्यंत ओहोटी लागते, असं पोरं म्हणतात.

त्याच होड्या रेतीतून ओढून ओढून त्यांची पाठ गेली. मणक्यांमधली गादी सरकली, डावा पाय बधिर होऊ लागला. शस्त्रक्रिया केली नाही तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. शस्त्रक्रियेचं ठरवायला मी काकांना गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं.

डॉक्टर तरुण आणि सोशिक होते. जंतू होऊ नयेत म्हणून आधी अँटिबायोटिक देऊ, म्हणाले. काकांनी विचारलं, "ता गादीपर्यंत पोचता?"

इथे डॉक्टरांनी खरं बोलायची चूक केली. औषध रक्तातून जातं आणि गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. ते कडेकडेनं झिरपत आत जातं. म्हणून चीर देण्याच्या आधीच सोडायचं, झिरपायला वेळ द्यायचा. रक्तात असतं त्यापेक्षा गादीत कमीच पोचतं, पण सहसा तेवढं पुरतं.

"सहसा म्हणजे?" काका म्हणाले. "माझी गादी सहसातली नसली तर? जंतू आत जाऊन बसलो तर?"

"बसला तर त्रास मोठा असतो. म्हणूनच आधी काळजी घेतो, काका."

परतताना मी त्यांना हसलो. पण खरं सांगतो, त्या दिवसापासून तो जंतू माझ्याही डोक्यात बसला. नारळीच्या आळ्यात पाणी सोडलं तरी मी वाकून बघत होतो, मुळाशी मुरतंय की वरच्यावर वाहून जातंय.

आज शस्त्रक्रिया. सकाळी काका इस्पितळात पिशवीतून नारळ आणि विडा घेऊन आले. सिस्टरनी दोन्ही काढून आपल्या टेबलावर ठेवले. "सोबत नातेवाईक कोण?" त्यांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यो. माझो व्हय म्हणणारो."

सलाईनमधून औषध सुरू झालं. काका नळीतल्या थेंबांकडे टक लावून बघत होते. स्ट्रेचर हलवायला माणसं आली, तसं त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"बा देवा महाराजा, ह्या जा औषध अंगात सोडल्यानी आसा, ता गादीच्या मधोमध पोचव. वाटेत खंय अडकूक देऊ नको." मी तोंड उघडलं, पण ते थांबले नव्हते. "आणि ह्यो पोरगो माझ्या वांगडा इलो हा. हेची गाडी घराक सुखरूप पोचव. माझा काय बरा-वायट झाला, तर हेका भियाक देऊ नको रे महाराजा."

जन्मभर मिक्सरला घाबरलेला माणूस माझी भीती देवाच्या पायाशी ठेवत होता.

"व्हय म्हण रे," काका म्हणाले. स्ट्रेचर सरकायला लागलं होतं.

मी म्हटलं, पण आवाज असा बारीक निघाला की तो त्यांच्यापर्यंत पोचला की नाही, कळलं नाही. दार लागलं. मी बंद दारासमोर उभा राहिलो आणि घसा खाकरून मोठ्यानं म्हणालो, "व्हय महाराजा."

मागे बाकांवर आपापल्या माणसांसाठी ताटकळलेली मंडळी बसली होती. गाऱ्हाणं कोणाचं, कशाचं, कोणीच विचारलं नाही. सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय महाराजा."