तिसरा नेल्सन

ऑक्टोबरातल्या एका सकाळी वाऱ्याने आर्लन नेल्सनच्या अंगणात एक पाटी आणून टाकली, आणि ती उचलून कचऱ्यात टाकायची सोडून आर्लनने ती दारापुढच्या पायरीशेजारी रोवली. एवढंच त्याने केलं. पुढे जे काही झालं ते लोकांनी केलं, असं तो अजूनही म्हणतो. (त्याच्या म्हणण्यावर कोणी जात नाही, ही गोष्ट वेगळी.)

पाटी निळी होती. तिच्यावर पांढऱ्या, लांबून वाचता येतील अशा अक्षरांत एकच शब्द होता : नेल्सन. खालची पट्टी वाऱ्याने फाडून नेलेली. आपलंच नाव आहे, कचऱ्यात कसं टाकायचं, असा आर्लनने विचार केला. पण खरं कारण निराळं होतं. त्याची बायको व्हर्ना रागावली की त्याला आडनावाने हाक मारायची, आणि आर्लनचा एकूण वकूब पाहता तिला रागवायला कारणं कमी नव्हती. ती जाऊन आता दुसरा हिवाळा येत होता. दाराशी ते नाव बघून त्याला वाटलं, घरात कुणीतरी आपल्यावर चिडलेलं आहे. बरं वाटलं.

मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात नेल्सन या आडनावाची टंचाई कधीच नव्हती. चर्चमध्ये 'अहो नेल्सन' म्हटलं की निम्मे बाक मागे वळून बघत. त्या वर्षी काउंटीच्या कमिशनरपदासाठी, म्हणजे रस्ते, पूल आणि मोऱ्या ज्याच्या हातात असतात त्या खुर्चीसाठी, एका बाजूने डेल नेल्सन उभा होता आणि दुसऱ्या बाजूने मार्गिट नेल्सन. दोघांचं एकमेकांशी नातं नव्हतं, आणि आर्लनशी तर मुळीच नव्हतं. डेल इतकी वर्षं त्या खुर्चीत होता की रस्त्यातले खड्डे त्याच्या कारकिर्दीत जन्मून मोठे झाले होते. दोघांनीही पाट्यांवर आडनाव मोठं आणि नाव बारीक छापलं होतं. समोरच्याची मतं चुकून आपल्याला पडतील, असा दोघांचाही हिशेब. त्यात मतदारसंघाच्या हद्दी त्याच वर्षी बदललेल्या, त्यामुळे आर्लनच्या भागात दोघांपैकी एकाचंही तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं.

पाटी रोवली त्याच दुपारी घंटा वाजली. दारात चिखलाचे बूट घातलेला एक शेतकरी उभा.

"नेल्सन तुम्हीच ना?"

"हो, मीच," आर्लन म्हणाला. (यात खोटं काय होतं?)

"मी लायल हाउगन. माझ्या शेतासमोरची मोरी तुंबलीय. पाणी रस्त्यावर, रस्ता माझ्या मक्यात. करताय काय तुम्ही लोक?"

आता इथे 'अहो, तो नेल्सन मी नव्हे' एवढं बोलून दार लावता आलं असतं. पण त्या घंटेला बरेच महिने गंज चढत होता. शेवटी ती वाजली होती ती चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पिझ्झासाठी, आणि तो पिझ्झादेखील पलीकडच्या गल्लीतल्या एका नेल्सनचा निघाला होता.

"आत या," आर्लन म्हणाला. "कॉफी टाकतो."

लायल चांगला तासभर बसला. मोरीवरून मका, मक्यावरून गुडघा, गुडघ्यावरून मेव्हणा, असा तो बोलत गेला. आर्लनने मान डोलावली आणि शेवटी म्हणाला, "बघू या." लायल खूश झाला. दुसऱ्या दिवशी आर्लन फावडं घेऊन खरंच मोरी बघायला गेला. आत पानांचा गठ्ठा आणि एक मेलेला, मांजराएवढा रकून होता. दोन्ही त्याने ओढून काढले. पाणी वाहू लागलं.

झालं! 'नेल्सनकडे गेलं की काम होतं' ही बातमी त्या पाण्याच्या दुप्पट वेगाने वाहिली. लोक येऊ लागले. कुणाच्या रस्त्याला खडी हवी, कुणाला शेजाऱ्याच्या कुत्र्याचा बंदोबस्त हवा. आर्लन सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसू लागला. माळ्यावरची मोठी कॉफीची किटली खाली आली. रविवारी मुलीचा ॲरिझोनाहून फोन आला, तेव्हा तो चक्क म्हणाला, "करीन, जरा घाईत आहे. लोक बसलेत." 

"लोक? बाबा, कुठले लोक?"

"आहेत," आर्लन म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने फोन आधी ठेवला.

सगळ्यात मोठा घोटाळा सेदरबाईंनी केला. या बाई शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. आवाज अजून तीनशे पोरांना ऐकू जाईल असा. त्या मार्गिट नेल्सनच्या बाजूच्या होत्या. पाटी बघून दारात आल्या आणि समोर पुरुष दिसल्यावर तो मार्गिटचा नवरा असणार असं समजून म्हणाल्या, "तुम्ही मिस्टर नेल्सन?"

"हो."

"बाईसाहेब आहेत का घरात?"

आर्लन क्षणभर गडबडला. "नाहीत."

"बाहेर गेल्यात होय?"

"हो… गेल्यात."

"कधी येतील?"

 आर्लन दाराच्या मुठीकडे बघत राहिला. सेदरबाईंनी त्याच्या खांद्यावरून आत नजर टाकली. टेबलावर एक ताट, एक चमचा, उघडा सूपचा डबा. त्यांचा चेहरा कडक झाला.

"काय तरी बाई! निवडणूक आली म्हणून काय घरदार सोडायचं? नवऱ्याच्या पोटात काय पडतंय ते कोण बघणार? वाळून काटकी झालात तुम्ही!"

"मी पहिल्यापासून असाच—"

"बायकोची बाजू घेऊ नका!"

दुसऱ्या दिवशी त्या बटाट्याचं सूप घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी पाव. आल्या की बसत, आणि बसल्या की कमिशनर होऊ पाहणाऱ्या बायकांचा उद्धार करत. तुमची बायको दिसते कशी, असं त्यांनी एकदा विचारलं. आर्लनने व्हर्नाचं वर्णन केलं. चालताना गुणगुणायची, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायची. तो बोलत गेला आणि थांबेना. सेदरबाई ऐकता ऐकता मवाळ झाल्या. "जीव आहे हो तुमचा तिच्यावर," त्या म्हणाल्या. "असल्या बाईला एवढा चांगला नवरा मिळावा, काय म्हणायचं!"

खरं सांगून टाकावं, असं आर्लनला रोज वाटे. पण खरं सांगितलं की सूप थांबणार. सूप थांबलं तर चाललं असतं. सुपाबरोबर जी खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा, तो थांबणं चालणार नव्हतं.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी त्याला जेवण घालायची बुद्धी झाली. इतके लोक येतात, आपण नुसती कॉफी पाजतो, बरं दिसत नाही. त्याने सगळ्यांना हॉटडिश खायला बोलावलं. खाली खिमा, मध्ये घेवडा, वर बटाट्याचे गोळे, आणि सगळं ओव्हनमध्ये. व्हर्ना ते बोलता बोलता करायची, म्हणजे अवघड नसणार. त्याने ओव्हन तापत ठेवला आणि खिमा परतायला घेतला.

घर भरलं. लायल आला, सेदरबाई आल्या, बाकीचे आले. आणि आमंत्रण नसताना, एकाच वेळी, दोन बाजूंच्या दोन गाड्यांतून डेल नेल्सन आणि मार्गिट नेल्सनही आले.

डेल दारातूनच ओरडला. "माझ्या नावावर मोऱ्या साफ करत फिरणारा तो तूच का?"

"साफ केली यात चुकलं काय?"

"चुकलं काय म्हणतोस? इतक्या वर्षांत लोकांनी मला पहिल्यांदा आभाराचा फोन केला! आता सगळे म्हणतायत, आमचीही करा!"

"आणि माझं काय?" मार्गिट पुढे आली. उंच, सडपातळ बाई, हातात मोटारीची किल्ली. "गावभर बोभाटा आहे की मी नवऱ्याला उपाशी ठेवते!"

सेदरबाई उठल्याच. "मग ठेवता ना! हा बघा, समोर उभाय! काटकी झालीय नुसती! लाज वाटायला हवी, बाई. आणि हा माणूस तुमच्या गुणगुणण्याचं कौतुक करत बसतो!"

"मी गुणगुणत नाही!" मार्गिट किंचाळली. "आणि माझं लग्नच झालेलं नाही!"

 सगळे आर्लनकडे बघू लागले. आर्लन काहीतरी बोलणार, इतक्यात स्वयंपाकघरातून धुराचा एक काळा लोट आला.

व्हर्ना गेल्यापासून तो ओव्हन कुणी चालू केला नव्हता. तिचे प्लॅस्टिकचे डबे कुठे ठेवायचे हे न समजून आर्लनने ते सगळे त्याच्यातच रचले होते, आणि साफ विसरला होता. आता ते वितळून खालच्या तारांवर ठिबकत होते.

"नेल्सन, पाणी!" लायल ओरडला, आणि तीन नेल्सन एकदम धावले. दारात अडकले. डेलने खिडकी उघडली, मार्गिटने बटण बंद केलं, आणि आर्लनने फडक्याने धरून जाळी बाहेर ओढली. तिच्यावर निळं, हिरवं, पांढरं असं एक लोंबतं काहीतरी होतं. एका झाकणावर व्हर्नाच्या अक्षरातलं 'रविवार' एवढंच वाचता येत होतं. तो ती जाळी घेऊन अंगणात गेला आणि गवतावर ठेवून तिच्याशेजारी उकिडवा बसला. सगळे खोकत मागून आले.

"तू आहेस तरी कोण?" डेलने विचारलं.

"आर्लन नेल्सन. पिठाच्या गिरणीत होतो. बायको गेली माझी, मागल्या हिवाळ्याच्या आधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लोकांनी घंटा वाजवली," आर्लन म्हणाला. त्याला दुसरं कारण सुचेना. नव्हतंच.

सेदरबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच एका माणसापुरता निघाला. "मी विचारलं, कधी येतील, तर तुम्ही गप्प बसलात."

"काय सांगायचं ते मलाही कळलं नाही."

बाई वळल्या आणि पर्स घेऊन निघून गेल्या.

डेलने विषय बदलावा म्हणून पाटीकडे बोट केलं. "ही तुझी ना, मार्गिट?"

"माझ्या पाटीवर चांदणी असते. मला वाटलं तुमची."

"माझा निळा रंग गडद आहे."

दोघंही आर्लनकडे वळले. इतक्यात लायल लायलॅकच्या झुडपांच्या कुंपणातून फाटकी पट्टी ओढत आला. पाटीखाली लावून बघितली. तंतोतंत बसली. त्याने मोठ्याने वाचलं : "'नेल्सन. संडासाच्या टाक्या उपसून मिळतील.'"

पाटी कुणाचीच नव्हती. डेलने आणि मार्गिटने एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही हसू फुटलं. सगळ्या निवडणुकीत त्या दोघांचं एकमत झालं ते तिथेच, त्या हसण्यात. आर्लनलाही हसू आलं, पण जाळीकडे बघितल्यावर ते तिथेच राहिलं.

मंगळवारी मतदान झालं. कुणी येईल म्हणून आर्लन दिवसभर किटली तापत ठेवून बसला. कुणी आलं नाही, आणि त्या नादात त्याचं मतदान राहिलं. मार्गिट थोडक्यात जिंकली. काही मतपत्रिकांवर लोकांनी हाताने 'कॉफीवाला नेल्सन' असं लिहिलेलं सापडलं. ती मतं बाद झाली.

मग बर्फ पडलं. घंटा वाजेना. मोठी किटली परत माळ्यावर गेली. सेदरबाई एकदा दुकानात दिसल्या. त्याने टोपी काढली, त्यांनी कोबी निवडायला घेतला. आर्लन त्या हिवाळ्यात रेडिओला उत्तरं देऊ लागला.

मार्चमध्ये गावकीची सभा भरली. आर्लन मागच्या बाकावर बसला होता, कारण सभागृहात शेगडी असते. दफनभूमीच्या देखरेखीला माणूस हवा, असा विषय निघाला, आणि सगळे बुटांच्या नाड्या बांधू लागले. लायल उभा राहिला.

"आर्लन नेल्सनला करा. मोरी त्यानेच काढली. आणि घरी रिकामाच असतो."

हात वर झाले. विरोधात कुणी नव्हतं. पुढच्या रांगेतला सेदरबाईंचा हातसुद्धा वर गेला. उशिरा गेला आणि कोपरापर्यंतच गेला, पण गेला. आर्लनने तो बरोबर पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो निवडून आला होता.

मे महिन्यात त्याने कामाला सुरुवात केली. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून गेला. गवत कापलं, कलंडलेला एक दगड सरळ केला. आपले मतदार फार शांत आहेत, हे त्याच्या लक्षात आलं. व्हर्नाजवळ तो थोडा जास्त वेळ थांबला. तिच्या कडेचं गवत त्याने यंत्राने न कापता कात्रीने कापलं. तिनेही काही तक्रार केली नाही, आणि हे मात्र तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. परगावची एक बाई उतरली. हातात फुलं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि त्याला हाक मारली.

"अहो, जरा ऐका! मी नेल्सनना भेटायला आलेय!"

आर्लनने कात्री टाकली. शर्ट खोचला, टोपी सरळ केली, आणि कित्येक महिन्यांत चालला नव्हता इतक्या झपाट्याने फाटकाकडे निघाला.

"मीच नेल्सन!" तो लांबूनच म्हणाला. "बोला, काय काम काढलंत?"

बाईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही नाही हो," ती म्हणाली. "मला पुरलेले हवेत."